बागेत पिवळा: किती, कुठे आणि कशाच्या पुढे

फेब्रुवारी संपत आला की पुण्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एकच फोटो फिरायला लागतो. पानांचा पत्ता नाही, पिवळ्याधमक घोसांनी लगडलेलं टॅबेबुयाचं झाड आणि मागे स्वच्छ निळं आकाश. एप्रिल-मेमध्ये त्याची जागा बहावा घेतो. मग सुट्टीच्या दिवशी सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत ठरलेला संवाद ऐकू येतो. ‘‘दादा, पिवळ्या फुलांचं काहीतरी दाखवा ना.’’ ‘‘ताई, अलामांडा न्या, टेकोमा न्या, झेंडू आहे, गोल्डन ड्युरांटा आहे.’’ ताई सगळंच थोडं थोडं नेतात. महिन्याभरात बाल्कनी फुलते, पण फोटोतली मजा काही येत नाही. एक तर पिवळा भिंतीत विरून जातो, नाहीतर इतका अंगावर येतो की चहाचा कप घेऊन तिथे बसवत नाही.

असं का होतं हे कळायला थोडं डोळ्याचं शास्त्र लागतं आणि थोडं पुण्याचं हवामान. बागेची आखणी करणारी मंडळी ‘अ‍ॅक्सेंट कलर’ म्हणतात तो प्रकार असा: बागेचा मुख्य रंग एक, बहुतेक वेळा हिरवा, आणि नजर खेचायला मोजक्या जागी दुसरा. आपण त्याला उठावाचा रंग म्हणू. उठावासाठी पिवळ्याइतका सोपा रंग नाही, आणि त्याच्याइतका पटकन बिघडणाराही नाही. माझ्या मते बिघडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. रोप निवडताना आपण खूप विचार करतो, पण त्या रोपाच्या मागे काय दिसणार याचा अजिबात करत नाही.

पिवळाच आधी का दिसतो?

झेंडूच्या पाकळीत कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात. गाजरातही तीच जातकुळी. ही द्रव्यं उन्हातला निळा भाग शोषून घेतात आणि बाकीचा उजेड, म्हणजे हिरवा, पिवळा, तांबडा, मोठ्या प्रमाणात परत फेकतात. आता दिवसाच्या उजेडात माणसाचा डोळा सर्वाधिक संवेदनशील असतो तो 555 नॅनोमीटरच्या आसपास, हिरवट पिवळ्या पट्ट्यात. वस्तू किती उजळ दिसते हे ठरवण्यात निळ्याचा वाटा अगदी कमी. म्हणजे पिवळं फूल उजेडातलं जे ठेवून घेतं ते डोळ्याच्या हिशेबात तसंही फारसं मोलाचं नसतं, आणि जे परत देतं तेच डोळ्याला हवं असतं.

त्यामुळे पिवळ्याला जे जमतं ते बाकीच्यांना जमत नाही. तो भरपूर रंगीत असूनही उजळ राहतो. निळा गडद झाला की काळपट होतो, लाल गडद झाला की जड होतो, पांढरा उजळ असतो पण त्याला रंग नसतो. शाळेची बस, जेसीबी, रस्त्याच्या दुभाजकाचे काळे-पिवळे पट्टे, यांचा रंग कुणी सौंदर्यदृष्टीने निवडलेला नाही. लांबून आणि पटकन दिसावं एवढीच त्यात अपेक्षा आहे.

लाल फुलाशी ताडून पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. लाल जास्वंद आणि तिचं हिरवं पान यांचे रंग अगदी वेगळे, पण दोन्ही उजळपणात फार लांब नाहीत. त्यामुळे जवळून जास्वंद झकास दिसते आणि समोरच्या इमारतीतून पाहिलं तर फूल शोधावं लागतं. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना नीट दिसत नाही त्यांची तर आणखीच पंचाईत. पिवळ्याचं उलटं आहे. रंगचक्रावर तो हिरव्याचा शेजारी, म्हणून पानांशी त्याचं भांडण होत नाही. पण उजळपणात तो पानांच्या कितीतरी वर असल्यामुळे तिसऱ्या मजल्यावरूनही दिसतो.

अर्थात, हे सगळं मागे हिरवं पान असेल तरच.

मागे काय आहे?

पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले मिशेल यूजीन शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे तक्रार आली की कारखान्यातला काळा धागा नीट रंगत नाही, फिका दिसतो. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारी निळे-जांभळे धागे आले की तोच काळा मवाळ दिसत होता. यातून त्यांनी 1839 मध्ये जे मांडलं ते आजही बागेला जसंच्या तसं लागू पडतं: कुठलाही रंग एकटा दिसत नाही, शेजारचा रंग त्याला ढकलतो. गडद किंवा निळ्या-जांभळ्या रंगाशेजारी पिवळा अधिक पिवळा दिसतो. क्रीम, बदामी, फिक्या रंगाशेजारी तो मळकट होतो.

आता पुण्यातल्या फ्लॅटची बाल्कनी डोळ्यापुढे आणा. वाकड असो नाहीतर वारजे, भिंतीचा रंग क्रीम, फिका पिवळा नाहीतर बदामी. फरशीही तसलीच. त्या भिंतीपुढे तुम्ही लिंबू रंगाच्या शेवंतीची कुंडी ठेवता आणि ती नाहीशी होते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या टॅबेबुयाच्या मागे आकाश होतं, शिवाय मध्ये एक पानही नव्हतं. बहाव्याचंही बरंचसं तसंच. ऐन बहरात त्याच्यावर पानं थोडी आणि लोंबणारे घोस फार. ते दृश्य पिवळ्याइतकंच निळ्याचंही असतं. आपण नर्सरीतून पिवळा तेवढा विकत आणतो.

त्यामुळे क्रम उलटा करा. आधी मागची बाजू गडद करा. कामिनी, अनंत, रबर प्लांट, मोठ्या पानांचं फिलोडेंड्रॉन यांपैकी एखाद-दोन कुंड्या भिंतीला लावून ठेवा आणि पिवळी कुंडी त्यांच्या पुढे दीड-दोन फुटांवर आणा. बंगला असेल, त्यातून जुना असेल, तर आपल्याकडे एक आयती सोय आहे: काळा दगड. सह्याद्रीचा बसाल्ट. जुन्या घरांची काळ्या दगडाची जोती, कुंपणाच्या भिंती, दगडी पायऱ्या, यांच्यापुढे पिवळा जसा खुलतो तसा मला दुसऱ्या कशापुढेही खुललेला दिसला नाही. लोक त्या दगडावर ऑइल पेंट मारतात तेव्हा खरंच वाईट वाटतं.

जांभळ्याची जोडही हमखास. पर्पल हार्टची लोंबती जांभळी पानं, गोकर्णाचा निळा वेल किंवा रुएलिया यांच्याजवळ पिवळं काहीही लावा, दोघांचाही भाव वधारतो.

मागची बाजू पुरेशी गडद आहे का हे पाहायला एक फुकटचा उपाय आहे. कोपऱ्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. रंग काढल्यावरही फुलं उजळ ठिपक्यांसारखी वेगळी दिसली तर जागा बरोबर. सगळं एकाच राखाडीत मिसळलं तर रोप चांगलं आहे, जागा बदला.

पुण्यात मागची बाजू वर्षातून दोनदा बदलते

इंग्लंडमधल्या बागांची पुस्तकं आणि व्हिडिओ पाहून आपली बाग आखण्यात जी फसगत होते ती इथे. तिथे हिरवळ जवळजवळ वर्षभर हिरवी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सगळं चिंब हिरवं, दिवाळीनंतर टेकड्यांवरचं गवत पिकायला लागतं, आणि फेब्रुवारीपर्यंत तळजाई असो वा वेताळ टेकडी, सगळीकडे वाळक्या गवताचा पिवळा. एप्रिलमध्ये त्यावर धूळ.

ज्या खिडकीतून टेकडी दिसते तिथे उन्हाळ्यात पिवळ्या रोपाला उठाव मिळत नाही. समोरचा सगळा देखावाच पिवळट असतो. अशा जागी फेब्रुवारी ते मे जांभळा किंवा पांढरा वापरा, आणि पिवळा पावसाळ्यासाठी राखून ठेवा. निसर्गाचाही हिशेब असाच दिसतो. सोनकी सह्याद्रीच्या पठारांवर फुलते ती पावसाळ्याच्या शेवटी, गवत हिरवं असताना. सिंहगडाच्या उतारावर किंवा कासला सप्टेंबरमध्ये गेलात तर ती छोटी पिवळी फुलं एवढी का उठून दिसतात ते लगेच कळेल.

किती असावा?

लग्नाच्या पंगतीत एखादा मामा असतो ज्याचा आवाज मुळातच खडा. त्याने साध्या आवाजात ‘जिलबी इकडे’ म्हटलं तरी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. असा एक मामा पंगतीला रंग आणतो. चार आले की कुणाचंच काही ऐकू येत नाही आणि डोकं मात्र उठतं.

पिवळ्याचं तसं आहे. दहा-बारा कुंड्यांच्या बाल्कनीत दोन, फार तर तीन पिवळ्या पुरे. हा काही मोजून काढलेला नियम नव्हे, माझा अंदाज आहे. पण बहुतेक ठिकाणी तीनची पाच झाली की घाऊकपणा यायला लागतो. अंगण लांबट असेल तर पिवळा एकाच ठिकाणी ढीग करण्याऐवजी थोड्या थोड्या अंतरावर तीनदा आणा. नजर पहिल्या ठिपक्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाते आणि जागा आहे त्यापेक्षा लांब वाटते.

याच्या अगदी विरुद्ध टोक पाहायचं असेल तर सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जा. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ते बेतलेलं आहे. हिरवळ, पाणी, दगड, कापून आकार दिलेली झुडपं. फुलांचा गाजावाजा नाहीच. तिथे एखाद्या वळणावर उभं राहून विचार करा की इथे पिवळ्याचा एकच ठिपका ठेवायचा असता तर तो कुठे ठेवला असता. बागेच्या आखणीचा याहून चांगला धडा फुकटात, म्हणजे तिकिटाच्या पैशात, मिळणार नाही. मग जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाऊन रंगांची उधळण पाहा. तीही सुंदर असते, पण ती प्रदर्शनासाठी आहे. घरच्या दहा बाय चार फुटांत ती मावत नाही.

‘‘पण मला पिवळा भडकच वाटतो’’

बहुतेकांना जो भडक वाटतो तो केशरीकडे झुकलेला पिवळा असतो. पिवळ्याची दोन घराणी ध्यानात ठेवली तरी पुरे. एक लिंबू पिवळा, हिरव्याकडे झुकणारा, थंड. दुसरा हळदी पिवळा, तांबड्याकडे झुकणारा, ऊबदार. सावलीच्या, उत्तरेच्या बाल्कनीत लिंबू पिवळा छान उजळतो. तोच पश्चिमेच्या बाल्कनीत एप्रिलच्या दुपारी तीन वाजता पांढरट पडतो, आणि तिथे हळदी रंग टिकाव धरतो. ब्रिटिश उद्यानकार गर्ट्रूड जेकिल (1843–1932) मुळात चित्रकलेचं शिक्षण घेतलेल्या. निळ्या फुलांच्या वाफ्यालाही थोड्या फिक्या लिंबू पिवळ्याची भूक असते, असं त्यांचं मत होतं. भडकपणाची भीती वाटणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

संध्याकाळी पारडं पुन्हा फिरतं. उजेड कमी झाला की डोळ्याची संवेदना निळसर हिरव्याकडे सरकते. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी हे 19व्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवलं. त्यामुळे तिन्हीसांजेला लाल फुलं आधी काळी पडतात आणि फिका पिवळा बराच वेळ टिकतो. तुम्ही बागेत बसता ते ऑफिसातून आल्यावर, सात वाजता असेल, तर फिका लिंबू रंग घ्या. फक्त वर ऊबदार पिवळा दिवा लावू नका. त्या उजेडात फिका पिवळा आणि पांढरा ओळखू येत नाहीत.

‘‘फुलं चार दिवस, मग काय?’’

रास्त शंका. यावर नर्सरीवाल्यांचं उत्तर असतं पिवळ्या पानांची रोपं: गोल्डन ड्युरांटा, क्रोटन, साँग ऑफ इंडिया, सोनेरी मनी प्लांट. उत्तर चांगलं आहे, पण अटी आहेत. पानाचा पिवळा भाग म्हणजे जिथे हरितद्रव्य कमी आहे तो भाग. म्हणजे रोपाचा स्वयंपाक तिथे कमी होतो. अशी रोपं हिरव्या भावंडांपेक्षा हळू वाढतात आणि काहींची पानं कडक उन्हात करपतात. दुसरीकडे सावली जास्त झाली तर रंगच जातो. मनी प्लांट खोलीच्या आत सरकवला की त्याचे पिवळे फराटे हळूहळू हिरवे होतात. ड्युरांटाचा सोनेरीपणा उन्हातल्या कोवळ्या शेंड्यांवर असतो. म्हणूनच तो छाटत राहावा लागतो, आणि झाडीखाली लावला तर साधं हिरवं कुंपण तेवढं मिळतं.

इथेच दुसरा घोळ होतो. पान पिवळं आहे म्हणजे ते जातिवंत पिवळं की आजारी? नवी, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं चित्र असेल तर बहुधा लोह कमी पडतंय. पुण्याच्या आसपासची काळी माती चुनखडीयुक्त, अल्कधर्मी. तिच्यात लोह असतं पण मुळांना घेता येत नाही. बोअरच्या जड पाण्यानेही कुंडीत हेच होतं. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्राकडे बघा. आणि माती कायम ओली असेल तर आधी पाणी कमी करा, बाकीचं नंतर. जातिवंत पिवळं पान टवटवीत, घट्ट असतं आणि प्रत्येक नव्या पानावर तोच नमुना येतो.

फुलंच हवी असतील तर पाळी लावून घ्या. जुलैत पेरलेला झेंडू दसऱ्याच्या सुमाराला फुलतो, शेवंती हिवाळ्यात, पिवळी कोरांटीही थंडीत. कलमी सोनचाफा मोठ्या कुंडीत येतो. त्याचा उठाव मात्र नाकाला जास्त, डोळ्याला कमी.

‘‘झेंडू? बागेत?’’

हा आक्षेप खास आपल्याकडचा. झेंडू म्हणजे दसऱ्याला मार्केट यार्डात ढिगाने मिळणारा, गाडीला, दाराला, यंत्राला घालायचा. बागेत लावायला काहीतरी ‘चांगलं’ हवं असतं. मला हे पटत नाही. मेक्सिकोकडून आलेलं हे झाड आपल्याकडे असं रुळलंय की पुण्याच्या उन्हात इतक्या कमी पैशांत इतका स्वच्छ पिवळा देणारं दुसरं रोप मला माहीत नाही. युक्ती इतकीच की बुटका, लहान फुलांचा झेंडू घ्यायचा आणि फक्त पिवळा घ्यायचा. केशरी-पिवळा मिश्र वाफा केला की मखराची आठवण येणारच. वाळलेली फुलं खुडत राहा, बहर लांबतो. उन्हाळ्यात पानाखाली लाल कोळी लागतो, तिथे पाण्याचा फवारा द्या.

‘‘पिवळ्याने कीड येते म्हणतात’’

पिवळे चिकट सापळे पाहून हा समज झाला असावा. मावा आणि पांढरी माशी पिवळ्याकडे जातात, कारण त्यांच्या दृष्टीला तो कोवळ्या पानाचा संकेत वाटतो. पण त्यांना खायची असते कोवळी वाढ. ती बागेत कुठेही असली तरी त्या येणारच. दुसऱ्या बाजूला मधमाश्यांना लाल नीट दिसत नाही, पिवळा छान दिसतो. शिवाय सूर्यफुलासारख्या काही पिवळ्या फुलांवर आपल्याला न दिसणाऱ्या अतिनील खुणा असतात ज्या त्यांना मधाकडे नेतात. टेरेसवर दोडका, भोपळा लावणाऱ्यांना याचा फायदाच आहे.

काय टाळावं

दुभाजकांवर आणि सोसायट्यांच्या कडेने पसरलेली पिवळ्या फुलांची सिंगापूर डेझी देखभालीला सोपी म्हणून लावतात. जगातल्या सर्वात त्रासदायक आगंतुक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं. एकदा नाल्याकाठी उतरली की ती काढणं कठीण. पिवळा-केशरी कॉसमॉसही मेक्सिकोचा. पावसाळा सरताना घाटरस्त्यांच्या कडेला त्याचे ताटवे पाहून लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, पण तिथे आधी जे रानगवत आणि रानफुलं होती त्यांची जागा त्याने घेतलेली असते. कुंडीत जरूर लावा. बी मात्र टेकडीवर ‘हिरवाई वाढावी’ म्हणून उधळू नका. मोकळी, कोरडी जागा असेल आणि पाणी घालायचा कंटाळा असेल तर तरवड लावा. आपल्या माळावरचा, चिवट, आणि पिवळा अस्सल.

बिट्टीबद्दल वेगळं सांगायला हवं. पिवळी कर्ण्यासारखी फुलं, बारमाही, पाणी नाही घातलं तरी चालतं, म्हणून ती सगळीकडे दिसते. तिच्या बिया हृदयावर परिणाम करणाऱ्या विषारी द्रव्यांनी भरलेल्या असतात आणि फळं लहान मुलांना खेळायला आकर्षक. घरात पोरं असतील तर बिट्टी नको. ड्युरांटाची पिवळी फळंही खाण्याची नव्हेत.

रोपच कशाला, कुंडी रंगवली तर?

हा मार्ग मला सर्वात आवडतो, कारण हा पिवळा हलवता येतो. एक मोठी पिवळी कुंडी, तिच्यात गडद हिरवं रोप, आणि आसपास दुसरं पिवळं काही नाही. पावसाळ्यात ती दाराशी, उन्हाळ्यात काळ्या दगडाजवळ, पाहुणे आले की जिन्यात.

पण पिवळा रंग कोणता घेता त्यावर तो किती टिकेल हे ठरतं. सगळे पिवळे उन्हाला सारखे नसतात. हळदीचा डाग धुऊन उन्हात टाकला की उडतो हे घरोघरी ठाऊक आहे. त्यातलं कर्क्युमिन उजेडात विघटित होतं. बाजारातले काही झगझगीत पिवळेही पुण्याच्या दोन उन्हाळ्यांत असेच फिके पडतात. याउलट जुन्या घरांना चुन्यात कालवून द्यायची ती पिवडी म्हणजे मातीतलं लोहाचं संयुग. ती पावसाने धुपेल, उन्हाने उडणार नाही. बाहेरच्या रंगात घ्यायचं तर दुकानात यलो ऑक्साइड मागा. रंग थोडा मातकट येतो, पण त्यामुळेच तो झाडांमध्ये बसतो आणि प्लॅस्टिकच्या बादलीसारखा दिसत नाही.

मातीच्या कुंडीला रंग फक्त बाहेरून द्या. रंग बसला की कुंडीच्या भिंतीतून होणारा पाझर कमी होतो, म्हणजे उन्हाळ्यात पाणी थोडं कमी लागेल आणि जुलैत तेच पाणी आत साठून राहील. तेव्हा रंगवायच्या आधी तळाचं छिद्र अंगठा जाईल एवढं करून घ्या आणि त्यावर खापराचा एक तुकडा ठेवा.